कोरा सोडायचा नाही

पालो सेको हायस्कूलच्या पार्किंग लॉटमधल्या दिव्याच्या खांबावर एक नकल्या पक्षी बसायचा. गाडीचा अलार्म, फायर ब्रिगेडचा भोंगा, पीटीच्या सरांची शिटी, जे कानावर पडेल ते जसंच्या तसं वाजवून दाखवायचा. त्या वर्षी थंडी सरता सरता तो बेचा पाढा म्हणायला लागला. मराठीत, आणि तोही हिंगणघाटच्या चालीवर. ज्यांना पटत नसेल त्यांनी ॲरिझोनात जाऊन खुशाल खात्री करून घ्यावी. फक्त आता गेलात तर तो भेटेल, पाढा ऐकू येणार नाही. का, तेच सांगायला बसलोय.

पाढा बाहेर येत असे तो एकशे चौदा नंबरच्या वर्गाच्या खिडकीतून. त्या वर्गावर रवींद्र देवतळे होता. जन्म हिंगणघाटचा, शाळा मराठी, पुढे नागपुरात वीसेक वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून अर्ध्या शहराचे इंजिनिअर तयार केलेला माणूस. अमेरिकेत शाळांना मास्तर मिळेनात, म्हणून एका एजन्सीनं जे मास्तर गोळा करून विमानात बसवले, त्यांत हा होता. व्हिसा शाळेच्या करारावर, करार वर्षावर्षाचा. चँडलरमध्ये केदार पारखींच्या घरी त्याला एक खोली मिळाली. केदार पुण्याचा, चिपच्या कारखान्यात मोठा इंजिनिअर, आणि पुण्याचा असल्यामुळे नागपूरच्या माणसाला खोली देऊन आपण समाजकार्य केलंय अशी त्याची प्रामाणिक समजूत.

चँडलर सोडलं की कारखाने संपतात आणि कापसाची शेतं लागतात. ॲरिझोनात कापूस पिकतो हे रवींद्रच्या गावीही नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं गाडी कडेला घेऊन एक बोंड तोडलं, चिमटीत धागा ओढून पाहिला, “लांब धाग्याचा आहे बाप्पा,” असं स्वतःशीच म्हणाला आणि बोंड खिशात टाकलं. शेतांच्या पलीकडे शाळा. तिथलं ऊन असं, की दुपारी माणसाची सावली त्याला सोडून गाडीखाली जाऊन बसते.

आपल्याला अमेरिकन पोरं शिकवायची आहेत अशी रवींद्रची कल्पना. वर्गात जाऊन बघतो तर एकही अमेरिकन नाही. ग्वाटेमालाच्या डोंगरातली पोरं, काँगोतली जुळी, काबूलचा फरहाद, आणि एक मुलगा अशा बेटावरचा की ते बेट शोधायला नकाशाची घडी उलगडावी लागली. सगळे नुकते आलेले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. सगळ्यांत समान गोष्ट एकच, कोणालाच इंग्रजी येत नाही. त्यांना इंग्रजीतून बीजगणित आणि विज्ञान शिकवायचं, कारण त्या राज्यात शाळेनं शिकवायचं ते इंग्रजीतच, असा नियम. आणि शिकवायला आणलेला माणूस कोण, तर मनातल्या मनात मराठीत हिशेब करून उत्तर इंग्रजीत सांगणारा. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घ्यावं, तर इथे दोघेही एकमेकांना “तू चढ” म्हणत होते.

भिंतीवर वरून आलेली पोस्टरं होती. वाक्यांचे सांगाडे. ‘मी असे पाहिले की ____, कारण ____.’ विज्ञानाच्या तासाला मुलांनी ते बोलायचं. एके दिवशी रवींद्रनं घरून बादली, मीठ आणि अंडी आणली. साध्या पाण्यात अंडं बुडालं. मीठ ढवळलं, अंडं वर आलं. वर्ग खूश. फरहादनं बादलीत हात घालून पाणी चाखलं, अंडं दाबून खाली ढकललं, ते पुन्हा वर आलं तसा तो असा हसला की बघणाऱ्याला कळावं, या पोराला सगळं समजलंय.

“नाऊ से,” रवींद्रनं सांगाड्याकडे बोट केलं. “आय ऑब्झर्व्ह दॅट…”

“आय ऑब्झर्व्ह दॅट एग,” फरहाद म्हणाला.

“बिकॉज?”

फरहादनं बादलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. हसू उतरलं. “बिकॉज… एग.”

एग या शब्दापाशी अख्खं वर्ष अडकून पडेल की काय असं रवींद्रला वाटलं. त्यानं घनता समजावली. समजावताना डब्ल्यूच्या जागी व्ही आला, मागच्या बाकावर कोणी तरी खुसखुसलं. ज्यांना स्वतःला धड बोलता येत नाही तीही पोरं त्याच्या उच्चाराला हसत होती. नागपुरात या माणसाच्या तासाला खिडकीबाहेर पोरं उभी राहून वह्या भरायची.

त्या वर्गात ग्वाटेमालाची येसेनिया होती. सतरा पूर्ण. उत्तरेकडच्या प्रवासात आणि मग छावणीत तिची दोन वर्षं गेली होती. सीमेवर वय ठरवायला तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. तो काढणारी बाई तिच्याशी नीट वागली, प्लेट दाखवून “हे तुझं हाड” म्हणाली. तेव्हापासून येसेनियाला एक्स-रे काढणारी व्हायचं होतं. त्यासाठी हायस्कूलचा डिप्लोमा हवा, डिप्लोमासाठी बीजगणित हवं, आणि बीजगणिताच्या खऱ्या वर्गात बसायला वसंतात होणारी परीक्षा पास व्हायला हवी. एकशे चौदामधल्या गणिताला कागदोपत्री किंमत नव्हती, तो वर्ग म्हणजे नुसती वेटिंग रूम. तिची मावशी मोटेलात चादरी बदलायची. मावशीचं म्हणणं साधं होतं: ऑगस्टमध्ये खरा वर्ग मिळाला तर शीक. नाही मिळाला, तर शाळा संपल्यावरच्या सोमवारी माझ्याबरोबर कामाला चल.

हे येसेनियानं रवींद्रला तुटक्या इंग्रजीत आणि बोटांनी सांगितलं होतं. शेवटी विचारलं होतं, “आय पास, मिस्टर?”

“यू विल पास,” रवींद्र म्हणाला. मास्तर लोक हे वाक्य ‘बसा’ म्हणावं तितक्या सहज म्हणतात.

पाढ्याचं झालं ते असं. एक दिवस फळ्यावर समीकरण सोडवताना सात आठी किती यावर गाडी अडली. कोणी बोटं मोजतंय, कोणी मान खाली घालतंय. रवींद्रला घाई होती. तो फळ्याकडे तोंड करून सवयीनं पुटपुटला, “सात आठी छप्पन्न,” आणि छप्पन्न लिहून मोकळा झाला.

मागून आवाज आला, “अगेन, मिस्टर.”

येसेनिया. “व्हॉट?” त्यानं विचारलं.

“द साँग.”

गाणं कसलं, पाढा तो. पण रवींद्रनं म्हटला. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. म्हणता म्हणता त्याची पाठ ताठ झाली. आवाज हिंगणघाटच्या शाळेतल्या देशमुख गुरुजींसारखा लागला. इंग्रजीतला पाढा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना, ना ठेका ना हेल. हा कसा बैलगाडीसारखा, एकदा उताराला लागला की आपोआप खाली येतो. सात दाहे सत्तरला काँगोची जुळी बाकावर ताल धरून होती.

एक गंमत झाली, ती रवींद्रच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. इंग्रजी बोलताना या पोरांना भीती वाटायची, कारण इंग्रजी कुणाचं तरी होतं, आणि ते कुणी तरी हसायचं. मराठी त्या वर्गात कुणाचंच नव्हतं. सगळे सारखेच अडाणी. हसायला माणूसच नाही. आणि फळ्यापुढचा तो चाचरणारा, घामाघूम, व्ही-डब्ल्यूत गुरफटलेला मास्तर पाढ्याला उभा राहिला की राजा व्हायचा. रवींद्रला ते आवडलं. एवढं आवडलं की पहिली दहा मिनिटं पाढ्यांची, हे ठरूनच गेलं.

पुढे जे झालं ते साथीच्या रोगासारखं. महिन्याभरात वर्गाचे तिसापर्यंत पाढे पाठ. कँटीनची बाई ताटात बटाट्याचे तुकडे टाकताना “बे चोक आठ” म्हणायला लागली आणि आठच्या वर एक तुकडा देईना. फुटबॉलची टीम जोर मारताना आकडे मराठीत मोजायची. विरुद्ध टीमला वाटलं हे काही तरी गुप्त डावपेच आहेत, आणि त्यांनी तक्रार केली. स्कूल बसचा ड्रायव्हर सांगायचा, शाळेपासून कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत एकोणिसाचा पाढा बरोबर पुरतो, सिग्नल लागला तर विसाचाही होतो. आणि खांबावरच्या पक्ष्याचं तर सांगितलंच.

केदारच्या घरी जेवताना हे ऐकून केदारनं पोळीचा तुकडा हवेतच धरला.

“देवतळे मास्तर, एक विचारू? तुम्हाला इंग्लिश टीच करायला आणलंय की इंग्लिश बंद पाडायला?”

“गणित येते ना पोरायले,” रवींद्र म्हणाला. “पोरं धडाधड समीकरणं सोडवून राह्यली.”

“सोडवतील यार. पण एक्झाम कशात आहे?”

“इंग्रजीत. एकदा पाया पक्का झाला की इंग्रजी चढवता येते वरून. डिस्टेंपरसारखी.”

“तुमच्याकडे भिंतीला डिस्टेंपर लावतात का अजून?” केदारनं तेवढ्यात पुणेरी टोला मारून घेतला. शेजारी त्याची मुलगी अनिका फोनवर बोट फिरवत होती. ती इथेच जन्मलेली, नुकतीच कॉलेज संपवून त्याच भागातल्या शाळांच्या ऑफिसात कामाला लागलेली. ती वर न बघता म्हणाली, “रवीकाका, दॅट्स अ‍ॅक्च्युअली किंड ऑफ बॅड.”

पण रवींद्र रंगात होता. परीक्षा आली तेव्हा त्यानं पोरांना जवळ बसवून ते गुह्य सांगितलं, जे महाराष्ट्रातला प्रत्येक मास्तर दहावीच्या पोरांना सांगतो, त्याला त्याच्या मास्तरनं सांगितलेलं असतं, आणि ज्याच्या जोरावर आपल्याकडे निम्मी जनता मॅट्रिक झालेली आहे.

“नेव्हर लीव्ह ब्लँक,” तो म्हणाला. “ब्लँक इज झीरो. कोरा सोडायचा नाही. समजलं नाही तरी लिहा. सुचलं नाही तरी बोला. व्हॉटएव्हर इज इन युअर हेड, से इट.”

“एनीथिंग, मिस्टर?” येसेनियानं विचारलं.

“एनीथिंग. ओन्ली नॉट ब्लँक.”

परीक्षा कॉम्प्युटरवर. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. प्रश्न आला: एका सहलीला तीन बस आहेत, प्रत्येक बसमध्ये तेवीस विद्यार्थी. उत्तर काढा आणि कसं काढलं ते आपल्या शब्दांत सांगा. पडद्याच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकत होता. उत्तर सगळ्यांनी बरोबर टिपलं. मग ‘सांगा’ म्हटल्यावर पोरांच्या डोक्यातलं इंग्रजी, जे एरवीही पाहुण्यासारखं दाराशीच उभं असायचं, ते पळून गेलं. दिवा लुकलुकतोय. कोरा सोडायचा नाही. डोक्यात जे होतं ते त्यांनी सांगितलं. ग्वाटेमाला, काँगो, काबूल आणि ते बेट, सगळ्यांनी ठणठणीत आवाजात माइकमध्ये सांगितलं: तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे शेहेचाळीस, तेवीस त्रिक एकोणसत्तर.

दारात उभ्या असलेल्या रवींद्रनं ते ऐकलं, आणि खिशातलं कापसाचं बोंड मुठीत आवळलं. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण यांना पोहायला शिकवलं ते दुसऱ्याच विहिरीत.

मशीन प्रामाणिक होतं. त्यानं आवाज ओळखला, भाषा ओळखली आणि शाळांच्या ऑफिसला कळवलं की पालो सेकोत मराठी भाषक निर्वासितांची मोठी वस्ती आढळली आहे. ऑफिसनं मुलांच्या माहितीत मातृभाषा मराठी अशी दुरुस्ती करून टाकली. फरहादसुद्धा मराठी. बेटावरचा मुलगाही मराठी.

आशेला जागा होती ती एवढीच: उत्तरं इंग्रजीत नसली तरी गणिताचं स्पष्टीकरण बरोबर आहे असं सुनावणीत दुभाष्यानं सांगितलं, तर गणिताचे गुण धरता येतील, असं ऑफिसातून कळलं. दुभाष्या मात्र तटस्थ हवा. रवींद्र चालणार नाही. मग ऑफिसनं आपल्याच माणसांत मराठी येणारं कोणी आहे का ते पाहिलं, आणि एक नाव सापडलं. अनिका पारखी.

“बाबा!” अनिका त्या संध्याकाळी घरात शिरतानाच ओरडली. “यू मेड मी पुट इट ऑन माय रेझ्युमे!”

केदारनं टीव्ही बंद केला. “मी म्हटलं लिही, कोण विचारतंय इथे मराठी? मला काय माहीत यांच्या शाळेत एवढे मराठी लोक निघतील!”

“मला ‘जेवण झालं का’ येतं. अँड ‘बास’. अँड दॅट्स इट!”

मग जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. तटस्थ दुभाषी चोरून शिकत होती, आणि शिकवत होता तो आरोपी. तेवीस तिला आलं. शेहेचाळीस दोन दिवसांत आलं. एकोणसत्तर काही केल्या येईना.

“पण रवीकाका, सत्तर म्हणजे सेव्हंटी.”

“त्यात एक कमी.”

“मग सेव्हंटी म्हणायचंच कशाला? इट्स नॉट देअर येट.”

“येणार असतं ना पुढे. आपल्याकडे तसंच असतं. एक कमी असला तरी पुढच्याचंच नाव लावायचं.”

अनिकानं पेन खाली ठेवलं. “दॅट्स सो सॅड,” ती म्हणाली आणि पुन्हा म्हणायला लागली.

सुनावणी ऑफिसातल्या एका खोलीत. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आत एसी असा की केदारनं दिलेला स्वेटर रवींद्रला कमी पडला. मिसेस ब्रूबेकर या भाषा विभागाच्या प्रमुख. बाई वाईट नव्हती. तिच्या टेबलावर काचेच्या वाटीत चॉकलेटं असायची, आणि कुणालाही ‘नाही’ सांगायच्या आधी ती वाटी पुढे सरकवायची. ऑफिसातले जुने लोक वाटी हलली की उठून उभे राहत.

वर्गाच्या वतीनं येसेनियाला बोलावलं होतं. तिनं पांढरा शर्ट घातला होता, मावशीच्या मोटेलातला, खिशावरचं नाव उसवून काढलेलं.

रेकॉर्डिंग लावलं. येसेनियाचा आवाज खोलीत घुमला. तेवीस एके तेवीस. अनिकानं इंग्रजीत सांगितलं. तेवीस दुणे शेहेचाळीस. अनिकानं सांगितलं, कपाळावर घाम. तेवीस त्रिक एकोणसत्तर.

अनिका थांबली. तिनं रवींद्रकडे पाहिलं. रवींद्रनं टेबलाकडे पाहिलं. इशारा केला असता तर सगळंच गेलं असतं. एसी घरघरत होता. मिसेस ब्रूबेकरनं पेन उचललं.

“इट्स सिक्स्टी-नाइन, मिस,” येसेनिया हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं खालचा ओठ चावला, आणि मग, कोणी तरी पाठीत ढकलल्यासारखी, सुरू झाली. “वन लेस दॅन सेव्हंटी. थ्री बसेस. ट्वेंटी-थ्री स्टुडंट्स इन ईच बस. आय मल्टिप्लाय बिकॉज… बिकॉज एव्हरी बस इज द सेम.”

बिकॉजच्या पुढची ती रिकामी जागा! सगळं वर्ष तिच्यात बादलीभर अंडी घातली होती. आणि आज या पोरीनं ती अशी भरली की रवींद्रला हुंदका आवरता येईना. त्यानं तो खोकल्यात गुंडाळला. अनिका चक्क टाळी वाजवून बसली. मिसेस ब्रूबेकरच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं.

“दॅट वॉज ब्यूटिफुल,” ती म्हणाली, आणि तिनं वाटी पुढे सरकवली.

रवींद्र उठून उभा राहिला.

बाईनं शांतपणे समजावलं. परीक्षेची मुदत संपली. मशीननं ऐकलं ते खरं, नंतर सांगितलेलं नाही. दुभाषीला पूर्ण भाषांतर करता आलेलं नाही; विद्यार्थिनीनं स्वतःच्या उत्तराचं स्वतः केलेलं भाषांतर धरता येत नाही. राहिली मातृभाषेची नोंद. ती चुकीची आहे अशी शाळेची तक्रार होती, पण येसेनियानं आत्ताच सगळ्यांसमोर दाखवलं की तिला मराठी उत्तम येतं, नेमलेल्या दुभाषीपेक्षा जास्त. तेव्हा नोंद योग्यच आहे.

“माय लँग्वेज इज माम,” येसेनिया म्हणाली.

बाईनं कॉम्प्युटरवर पाहिलं. डोंगरातल्या त्या भाषेचं नाव तिनं दोनदा टाकून बघितलं. “आय ॲम सॉरी, हनी. इट इज नॉट ऑन द मेन्यू.” यादीत मराठी होती. माम नव्हती.

आणि नवी मातृभाषा नोंदली की विद्यार्थी नवा धरतात. नवा विद्यार्थी पहिल्या पायरीपासून. ऑगस्टपासून येसेनियानं पुन्हा वर्षभर ‘हा त्रिकोण आहे’ म्हणायचं, बीजगणिताचा वर्ग त्यानंतर, जमलं तर. फरहादनं तसंच. सगळ्यांनीच. रवींद्रनं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवलं हे त्याच्यासमोरच सिद्ध झालं होतं, म्हणून त्याचा करार पुढच्या वर्षी होणार नाही. आणि करार नाही तर व्हिसा नाही, हे बाईला सांगावं लागलं नाही.

येसेनियाला बाईनं दोन चॉकलेटं दिली. एक तिनं परतीच्या गाडीत रवींद्रला दिलं. कापसाच्या शेतांमधून जाताना दोघंही ते हातात धरून बसली. उन्हानं वितळून तळव्याला लागलं तरी कोणी खाल्लं नाही.

“देवतळे,” रात्री केदार म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच नुसतं आडनाव घेतलं, मास्तर म्हटलं नाही, टोला मारला नाही. “आमच्या कंपनीत काही बघू का?”

“चिपायले पाढे येतात का?” रवींद्र म्हणाला. विनोद पडला. अनिका ताट घेऊन आत गेली.

शाळा संपायला थोडे दिवस उरले, तोवर वर्ग मशीनवर सोपवला होता. बाकं काढून लाकडी फळ्यांचे कप्पे केले, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, एक हेडफोन. आवाज नको म्हणून खिडक्या बंद. खांबावरचा पक्षी काही दिवस “बे नव्वे अठरा” म्हणून थांबायचा, मान तिरकी करून खिडकीकडे बघायचा. मग गाडीच्या अलार्मवर परत गेला. रवींद्रचं काम आता मागे खुर्चीत बसून कोणी झोपत तर नाही ना हे बघण्याचं.

शेवटच्या शुक्रवारी येसेनियानं हात वर केला.

“मिस्टर. व्हॉट इज शी सेइंग?”

रवींद्रनं तिचा हेडफोन कानाला लावला. आत एक बाई बोलत होती. ऑफिसच्या नोंदीत मातृभाषा मराठी असल्यामुळे मशीननं आपणहून सोय करून दिली होती. “कृपया निम्नलिखित पर्यायांपैकी समीकरणाची उकल यथार्थपणे दर्शविणारा पर्याय निवडा,” बाई म्हणत होती. रवींद्रलाही दोनदा ऐकावं लागलं.

“दॅट,” तो म्हणाला, “इज मराठी.”

येसेनियानं मान हलवली. त्याला समजावून सांगावं अशा सुरात म्हणाली, “नो, मिस्टर. आय नो मराठी.”

त्यानं बाजूची खुर्ची ओढली. इतरांनीही हेडफोन उतरवले, कप्प्यांवरून डोकी वर आली. मग त्यानं समीकरण फळ्यावर मांडलं आणि इंग्रजीत समजावलं. सावकाश, छोट्या वाक्यांत, प्रत्येक वाक्यामागे बिकॉज लावून. व्ही-डब्ल्यूत अडखळला तेव्हा फरहादनं शब्द पुरवला आणि कोणी हसलं नाही. वर्षभरात असा तास झाला नव्हता. असा तास सप्टेंबरमध्ये झाला असता तर, हा विचार त्याच्या मनात आला, आणि खडू हातातच राहिला.

घंटा झाली. पोरं दफ्तरं उचलून पांगली. येसेनिया कप्प्याशी उभी होती.

“ऑगस्ट?” रवींद्रनं विचारलं.

“मंडे,” ती म्हणाली. “विथ माय आंट.”

त्यानं खडू खाली ठेवला. ‘यू विल’ इतकं तोंडाशी आलं. पुढचं आलं नाही.

तिच्या पडद्यावर प्रश्न तसाच होता, कोपऱ्यात लाल दिवा. उत्तर तिला येत होतं. आत्ताच फळ्यावर तिनंच शेवटची ओळ लिहिली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, हेडफोन नीट घडी करून खुंटीला अडकवला आणि दारातून बाहेर गेली. कोरा सोडून.

रवींद्र तिच्या खुर्चीत बसला. माउसवर हात ठेवला, मग काढून घेतला. पडद्यावर नाव येसेनियाचं होतं. खुंटीवरच्या हेडफोनमधून ती बाई बारीक आवाजात, अतिशय नम्रपणे, पुन्हा पुन्हा विनंती करत होती.